मोडीत आलेला हिरा

आपल्या धंद्यातील एका जुन्या आणि आजही अवघड असलेल्या प्रश्नाचा थोडा इतिहास ज्ञातिबांधव व भगिनींपुढे मांडीत आहे. गिऱ्हाइकाने मोडीत घातलेला हिरा जवाहिरा पुन्हा विकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो विकताना काय सांगावे, याविषयी उघड बोलणे होत नाही. कुजबुजच अधिक होते.

सोन्याची मोड आपणांस परिचयाची आहे. दागिना कसोटीवर लागतो, घट वजा होते, उरलेले सोने मुशीत वितळते आणि त्याचा जुना धनी, जुना घाट सारे नाहीसे होते. हिऱ्याचे तसे नाही. तो वितळवून नवा करता येत नाही, दोन लहान हिरे जोडून एक मोठा होत नाही आणि वापराने तो सहसा झिजतही नाही. पैलूंची धाटणी एकच असेल, तर तीस वर्षे कुडीत राहिलेला खडा आणि कालच घडून आलेला खडा साध्या डोळ्यांस सारखेच दिसतात. त्यांतला जुना कोणता, हे जवाहिऱ्याची वही आणि त्याची जीभ एवढीच सांगू शकतात.

आपला मुलूख या व्यापारापासून दूर नव्हता. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात माहूर हे एक सरकार म्हणून येते आणि त्याच सुभ्यातील वैरागडाजवळ हिऱ्याची खाण असल्याची नोंद आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिरा हिरेखरेदीसाठी गोवळकोंड्यास येत असे. सुरतेहून गोवळकोंड्यापर्यंतच्या त्याच्या मुक्कामांत नांदेडचेही नाव आहे.

याच तावेर्नियेने खाणीच्या गावातील एक दृश्य आपल्या १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले रोज सकाळी झाडाखाली वजने आणि मोहरांची थैली घेऊन बसत. कोणी हिरा आणला की तो सर्वांच्या हातांतून फिरे आणि शेवटी वडील मुलगा भाव ठरवी. त्याने तो महाग घेतला, तर तोटा त्याच्याच खाती पडे. सायंकाळी सारे हिरे एकत्र करून, निवडून मोठ्या व्यापाऱ्यांस विकले जात. नफा सर्वांत सारखा वाटला जाई. वडील मुलास केवळ पाव टक्का अधिक मिळे. घेऊन पुन्हा विकणे हाच तो धंदा होता आणि त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नव्हते, कारण सारे सर्वांच्या देखत चाले.

पडद्याआड झालेल्या फेरविक्रीचे उदाहरण म्हणजे ‘नासक’ या नावाने जगभर गाजलेला नाशिकचा हिरा. परंपरेने त्याचा संबंध त्र्यंबकेश्वराशी जोडला जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा हा सुमारे ९० कॅरटचा हिरा इंग्रजांच्या हाती पडला. कंपनी सरकारने तो लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या पेढीस सुमारे ३,००० पौंडांना विकला. पेढीने पुन्हा पैलू पाडून तो सुमारे ७८ कॅरटवर आणला आणि १८३१ मध्ये इमॅन्युएल बंधूंस सुमारे ७,२०० पौंडांना दिला. त्यांच्याकडून १८३७ मध्ये तो एका इंग्रज सरदाराकडे गेला. १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो घेतला आणि पुन्हा घडवून ४३.३८ कॅरटचा केला. १९७० च्या लिलावात त्याला पाच लक्ष डॉलर मिळाले. किंमत वाढली. हिऱ्याचे वजन मात्र निम्म्याहून कमी झाले.

उलट, अटी स्पष्ट नसल्या की काय होते, हे हैदराबाद संस्थानात दिसले. १९४८ पर्यंत माहूरही त्याच राज्यात होते. सिमल्याचा जवाहिरा जेकब याने सहावे निजाम महबूब अली खान यांच्याशी एका प्रचंड हिऱ्याचा सौदा मांडला. अनामत दिली गेली, मग हिरा नापसंत ठरला आणि १८९१ मध्ये प्रकरण कलकत्त्याच्या न्यायालयात गेले. जेकब निर्दोष सुटला, तथापि त्याचा धंदा बसला तो बसलाच. हिरा निजामाकडेच राहिला. निजामाच्या जडजवाहिरांसह तो १९९५ मध्ये भारत सरकारने २१८ कोटी रुपयांस विकत घेतला.

आता आपल्या घरांकडे वळू. हिऱ्याची कुडी मोडताना अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी रक्कम हाती येते आणि घरातील स्त्रियांस आपण फसलो असे वाटते. प्रत्येक वेळी ती फसवणूक नसते. खरेदीच्या किमतीत पैलू पाडणारा, घाऊक व्यापारी आणि सराफ या तिघांचा नफा, घडणावळ व कर ही सारी असतात. मोडीच्या वेळी ती परत येत नाहीत. जुन्या धाटणीचा खडा पुन्हा घडवावा लागला, तर वजनही घटते. एवढे न्याय्य आहे. अन्याय्य आहे ते हे की, घेताना ‘जुना’ म्हणून भाव पाडावा आणि विकताना ‘नवा’ म्हणून चढवावा. हिरा तोच असतो. मग त्याचे वय गिऱ्हाईक पाहून कसे बदलते?

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा तयार झाला. आज तसे हिरे सुरतेतही बनतात. ते खऱ्या कार्बनाचेच असल्याने भिंगाखाली ओळखू येत नाहीत, त्यांस यंत्रच लागते. सोन्यावरील हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. हिऱ्यावर तसा सक्तीचा छाप नाही. कागदाविना मोडीत आलेला खडा यापुढे संशयानेच पाहिला जाईल.

म्हणून पेढी चालविणाऱ्या बांधवांनी मोडीच्या प्रत्येक हिऱ्याचे वजन, रंग व दोष वहीत लिहावेत, त्याची प्रत देणाऱ्यास द्यावी आणि पुढच्या गिऱ्हाइकास ‘हा मोडीतला आहे’ असे आपण होऊन सांगावे. भगिनींनी खरेदीची पावती व तपासणीचा दाखला दागिन्याच्या डबीतच जपावा, आणि परतीचा भाव कसा धरणार हे खरेदीच्या दिवशीच लिहून घ्यावे. मोडीतला हिरा विकण्यात कमीपणा नाही. तो लपवून विकण्यात आहे. ज्या धंद्यात आपल्या पूर्वजांच्या तोंडी शब्दावर घराघरांतील स्त्रीधन सोपविले जाई, त्या धंद्याची पत एवढ्या एका वाक्याने राखली जाणार असेल, तर ते बोलण्यास आपण संकोचू नये.