बॅटरी गेली, हे आधी सिद्ध करा

मे महिन्यात सावद्यात लाईट गेली, इन्व्हर्टरने पंधरा मिनिटांत शिटी वाजवली आणि पंखे थांबले, की घरात निकाल तयार असतो : बॅटरी गेली. शेजारी तेच म्हणतात, वायरमन मान डोलावतो आणि संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा हजारांची नवी बॅटरी दारात उतरते. हे मत आता इतकं रुजलं आहे की कोणी त्याला पुरावा विचारत नाही. तो विचारायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

समोरची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. शिसं आणि ॲसिडची बॅटरी झिजतेच. १८५९ साली गॅस्टन प्लांतेने ती बनवली तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. उष्णता तिला फार लवकर खाते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो. म्हणजे संशय बॅटरीवर जाणं स्वाभाविक आहे. शिवाय या पक्षाकडे अनुभवाचा आधार आहे : बॅटरी बदलली आणि पंखे पुन्हा तीन तास चालले. यावर बहुतेकांचं समाधान होतं.

माझा आक्षेप नेमका या अनुभवावर आहे. नवी बॅटरी बसवताना वायरमन आणखी काय करतो ते पाहा. वायरच्या टोकांचे जुने लग सोडवतो, त्यांच्यावरची पांढरी-हिरवी बुरशी पॉलिश पेपरने घासतो, नट नव्याने आवळतो, वर पेट्रोलियम जेली लावतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, बॅटरी आणि सांधा. श्रेय मात्र सगळं बॅटरीला गेलं. सांधा आधी साफ करून जुन्याच बॅटरीवर पंखे चालवून पाहिले असते, तर काय झालं असतं? हा प्रयोग कोणी करत नाही, म्हणून तो अनुभव पुरावा ठरत नाही.

सांध्याचा दोष किती मोठा असू शकतो, याचा हिशेब सोपा आहे. चार पंखे आणि काही दिवे मिळून ४०० वॉट धरू. इन्व्हर्टरमध्ये होणारी घट धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर प्रवाह ओढला जातो. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०३ ओहम असेल, तर तिथेच १.२ व्होल्ट गळतात. बॅटरीच्या खुंटीवर ११.७ व्होल्ट शिल्लक असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात, आणि बहुतेक इन्व्हर्टर याच आकड्याच्या आसपास बॅटरी संपली असं समजून बंद होतात. इकडे त्या एका सांध्यात ४८ वॉट उष्णता तयार होत राहते. वायरचं प्लास्टिक काळं पडतं ते यामुळेच. लाईट आल्यावर भार निघून जातो, मीटर पुन्हा व्यवस्थित आकडा दाखवतो आणि दोष लपतो. म्हणून भार चालू असतानाच मोजायचं : एकदा मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवून, एकदा इन्व्हर्टरच्या टोकांवर. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर आरोपी वायर आणि सांधा आहे. खुंट्यांवरच आकडा झपाट्याने कोसळला, तरच बॅटरीची चौकशी सुरू करावी.

तीही न्यायाने व्हावी. आपल्याकडच्या घरगुती ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला ॲसिडची घनता २७ अंश तापमानाला साधारण १.२४० असते. तापमान वाढलं की हायड्रोमीटर कमी दाखवतो, दर अंशाला सुमारे ०.०००७. ॲसिड ४२ अंशांवर असेल, तर निरोगी बॅटरीही १.२३० दाखवेल. सावद्याच्या दुपारी ही दुरुस्ती न करता घेतलेलं माप बॅटरीवर अन्यायच करतं. नुकतंच पाणी टाकून घेतलेलं मापही तसंच फसवं, कारण पाणी अजून मिसळलेलं नसतं. सहाही सेल सारखेच कमी असतील, तर बॅटरी बहुधा उपाशी आहे. एकच सेल इतरांपेक्षा ठळकपणे खाली असेल, तर ती खरंच गेली. (ॲसिडचं काम आहे, डोळ्यांवर चष्मा हवाच.)

उपाशी बॅटरीचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. वीज आपल्या जळगाव जिल्ह्यातच, भुसावळजवळच्या दीपनगरला तयार होते, पण आपल्या घरात किती व्होल्ट पोचतात ते डीपीवरच्या भारावर ठरतं. केळीला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं. दाब फार कमी असेल, तर इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करू शकत नाही, प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि क्षमता घटते. अशा घरात नवी बॅटरी आणली, तरी कारण जागेवरच आहे. तिचीही तीच गत होणार. बॅटरीवर छापलेला १५० ए.एच.चा आकडाही १० किंवा २० तास सावकाश वापरण्याच्या हिशेबाचा असतो. जास्त प्रवाह ओढला की एकूण मिळणारी वीजच कमी होते, हे पॉयकर्टने १८९७ मध्ये दाखवून दिलं. घरात दोन पंखे वाढवून जुन्या बॅकअपची अपेक्षा करणं बरोबर नाही.

जनरेटरच्या बाबतीतही निकाल असाच घाईने लागतो. जनरेटर चालू आहे, पण इन्व्हर्टर त्याची वीज घेत नाही. मग म्हणायचं, इन्व्हर्टरचं कार्ड उडालं. खरं तर अनेक इन्व्हर्टर ‘यूपीएस’ स्थितीत १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज नाकारतात आणि फ्रिक्वेन्सीही तपासतात. चार पोलचा जनरेटर १५०० फेऱ्यांना ५० हर्ट्झ देतो. गव्हर्नर सैल पडून फेऱ्या १३८० वर आल्या की ४६ हर्ट्झ मिळतात. इन्व्हर्टर नकार देतो तो शहाणपणाने. केळी पिकवण्याच्या कक्षांत याहून महाग चूक घडते. १६ ते १८ अंश राखायचे असतात; कक्ष तीन फेजच्या जनरेटरवर टाकल्यावर फेजचा क्रम उलटला, तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, आवाज करतो आणि थंडावा देत नाही. निदान होतं : गॅस गेला. डीपी बदलल्यावर बोअरची मोटार उलटी फिरून पाणी कमी देते, तेव्हाही आपण पाण्याची पातळी खाली गेली म्हणतो. रावेर-यावल भागात भूजल खरोखर खोल गेलं आहे, म्हणूनच हा चुकीचा निष्कर्ष सहज पटतो.

हीच घाई चाकांवरच्या घरातही दिसते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या फिरत्या घरात बॅटरी, इन्व्हर्टर आणि जनरेटर हे तिघेही एका छपराखाली असतात, आणि वर रस्त्याचे हादरे नट सैल करत राहतात. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बहुधा चासीला जोडलेलं असतं. तिथला रंगाखाली गंजलेला एक बोल्टही वरच्या हिशेबातला सगळा घोटाळा करतो. जनरेटरवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ त्याच्याच ठिकाणी जोडलेले हवेत, नाहीतर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी ती ओळखू शकत नाही. मुक्कामाच्या जागेची वीज जोडली की तो जोड सुटायला हवा, नाहीतर आरसीसीबी उगाच पडत राहतो. तिथेही लोक आधी बॅटरी बदलतात आणि मग आरसीसीबी काढून टाकतात. हे दुसरं काम जिवावर बेतणारं आहे.

सावदा, फैजपूर, रावेरच्या वाचकांना माझी विनंती आहे. बॅटरी बदला असं सांगणाऱ्याकडून भार चालू असताना मोजलेले दोन्ही व्होल्टेज आणि सहाही सेलांची घनता तापमानासह कागदावर लिहून घ्या. आकडे बॅटरीविरुद्ध गेले, तर ती निःशंक बदला.