डबा आधी, ओपनर नंतर

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो, की टिनचा डबा आधी आला आणि ओपनर जवळपास 45 वर्षांनी. आज तीच गोष्ट नीट सांगतो.

सुरुवात फ्रान्समधल्या एका मिठाईवाल्यापासून. नाव निकोला आपेर. हा माणूस मटार, फळं काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरायचा, बूच ठोकून तारेनं आवळायचा आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायचा. माल महिनोन्‌महिने टिकायचा. का टिकतो, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरनं केला, तो पुढे 50 वर्षांनी!

1810 मध्ये सरकारनं त्याला 12,000 फ्रँक दिले. अट एकच: पद्धत जगजाहीर कर. त्यानं पुस्तक लिहून सगळं सांगून टाकलं. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यात पत्र्याचा डबाही होता. कल्पना एका परदेशी माणसाकडून कळली, हे ड्युरँडनं स्वतःच नोंदवलंय. मला इथे खरंच राग येतो. आपेरचा कारखाना पुढे युद्धात उद्ध्वस्त झाला, आणि 1841 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या वाट्याला स्वतंत्र थडगंसुद्धा आलं नाही.

डबा म्हणजे काय, तर लोखंडी पत्रा आणि त्यावर कथिल. आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई असायची ना, तेच कथिल. पत्रा इतका जाड, की डबा छिन्नी-हातोड्यानं फोडा, अशी सूचना डब्यावरच असायची. इंग्लंडमध्ये ओपनर आलं ते 1855 च्या सुमारास.

आता आपला आमरस. आंबा आंबट, म्हणून त्याला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मटाराचं तसं नाही. त्यात आंबटपणा नसतो, त्यामुळे घातक जंतूंचे बीजाणू मारायला दाबाखाली 121 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणून घरी मटार बाटलीत भरायचा प्रयोग करू नका, प्लीज.

या डब्यानं अमेरिकेतल्या मराठी घरांना बरीच वर्षं सांभाळलं. 2007 पर्यंत तिथे भारतातून ताजा आंबा पाठवायला बंदीच होती. मग पुरी-आमरसाचा बेत असला की इंडियन स्टोअरमधला डबा आणायचा. बंदी उठली तेव्हा पहिले आंबे आपल्या लासलगावच्या केंद्रात विकिरण करून गेले. हो, कांद्याचं लासलगाव!

इकडे 1985 मध्ये फ्रुटी आली, टेट्रा पाकात. यात रस आणि पाकीट वेगवेगळे निर्जंतुक करतात आणि मग भरतात, म्हणून बंद पाकिटाला फ्रीज लागत नाही. वजनाला हलकं, ओपनरची कटकट नाही. पण कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं अवघड. आमच्या गल्लीतला भंगारवाला आमरसाचा डबा लगेच घेतो; पाकीट दाखवलं की म्हणतो, "हे राहू दे दादा."

पुढच्या भागात लोणच्याची बरणी. भेटूच!