विंटेज मोटारींमधील रेडिओ व्यत्यय

विंटेज मोटारींमधील रेडिओ व्यत्यय म्हणजे जुन्या मोटारीच्या स्वतःच्याच विद्युत यंत्रणेत पडणाऱ्या ठिणग्यांमुळे तिच्यातील किंवा जवळपासच्या रेडिओ संचात ऐकू येणारा कडकडाट, शिट्टी अथवा खरखर होय. मध्यमलहरी व लघुलहरींवरील एएम प्रक्षेपणात तो विशेष जाणवतो. एफएम संचात लहरीच्या उंचीतील चढउतार छाटले जात असल्याने तेथे त्याचा उपद्रव कमी असतो. व्यत्यय एकदा एरियलमधून संचात शिरला की तो कार्यक्रमापासून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून त्याचे निवारण उगमापाशीच करावे लागते.

भारतात २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. खाली वर्णिलेले उपाय यांपैकी कशालाही धक्का लावत नाहीत आणि बहुतेक उपाय पुन्हा काढून टाकता येतात.

इतिहास

हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या त्या विद्युत ठिणगीच्याच साहाय्याने. त्या अर्थाने पेट्रोल इंजिनाची प्रज्वलन यंत्रणा हा एक अनाहूत प्रक्षेपकच आहे. शिकागो येथील गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा संच बसवणाऱ्यांपुढील प्रमुख अडचणींपैकी ही एक होती. रेडिओ व्यत्ययाच्या मर्यादा व मोजमाप ठरवण्यासाठी १९३४ मध्ये ‘सिस्प्र’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी वाहनांच्या बॉनेटवरील क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर दिसते; त्या वाहनाचा व्यत्यय दाबलेला आहे, असा त्याचा अर्थ होय. ब्रिटनमध्ये १९५२ साली नव्या वाहनांच्या प्रज्वलन यंत्रणेसाठी नियम झाले. त्यापूर्वीच्या ब्रिटिश मोटारींत निरोधक मुळातच नसणे म्हणूनच नवलाचे नाही.

उगम ओळखणे

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी कानाने केलेली तपासणी अधिक उपयोगी ठरते. इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारा कडकडाट प्रज्वलनाचा असतो. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. वेगाबरोबर सूर चढत जाणारी शिट्टी डायनॅमोची असते. रेडिओचा पुरवठा स्वतंत्र ठेवून इंजिन वेगात असताना इग्निशन बंद केल्यास दोहोंतील भेद स्पष्ट होतो : कडकडाट तत्क्षणी थांबतो, तर डायनॅमोची शिट्टी इंजिन थांबेपर्यंत उतरत जाते.

इंजिन बंद असतानाही येणारा गुणगुणाट बहुधा रेडिओतूनच येतो. व्हॉल्व्हच्या जुन्या संचांत बॅटरीच्या ६ किंवा १२ व्होल्टपासून उच्च दाब मिळवण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ हा थरथरणारा संपर्क असतो आणि त्याच्याजवळील कंडेन्सर कालांतराने निकामी होतो. ठरावीक अंतराने येणारी टकटक विद्युत पेट्रोल पंपाची किंवा घड्याळाची असू शकते. कोरड्या रस्त्यावर वेगात जाताना येणारी, पण ब्रेक दाबताच थांबणारी खरखर पुढील चाकांवर साठणाऱ्या स्थिर विद्युतेची असते. तिच्यासाठी चाकाच्या टोपीत संपर्क-स्प्रिंग बसवीत असत.

एरियलची तार संचातून काढल्यावर आवाज थांबला, तर व्यत्यय एरियलमार्गे येतो. न थांबल्यास तो बॅटरीच्या तारेतून येत असून त्या तारेत चोक कॉइल बसवावी लागते.

प्रज्वलन यंत्रणा

सीबी पॉइंट उघडताच इग्निशन कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्लगच्या फटीत ठिणगी पडताक्षणी तारांत साठलेला विद्युतभार अत्यल्प काळात रिता होतो आणि या झटक्यातून उच्च कंप्रतेची आंदोलने उठतात. तांब्याच्या गाभ्याच्या प्लग-तारा त्यांना एरियलप्रमाणे बाहेर फेकतात.

यावर उपाय म्हणजे उच्चदाब तारेत ५ ते १५ किलोओहमचा रोधक बसवणे. रोधकाने ठिणगी दुबळी होते, ही समजूत बऱ्याच जुन्या मोटारधारकांत आढळते. परंतु ठिणगी पडण्यापूर्वी तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने रोधकावर दाबही फारसा खर्च होत नाही. ठिणगी पडल्यानंतरचा पहिला तीव्र झटका तेवढा तो आवरतो. अर्थात रोधक प्लग, रोधक टोपी व कार्बन गाभ्याची तार ही तिन्ही एकत्र वापरणे अनावश्यक आहे. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या मधल्या तारेत, डिस्ट्रिब्युटरलगत एक रोधक बसवल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

कॉइलच्या ज्या टोकाला इग्निशन स्विचची तार येते, तेथून अर्थला सुमारे १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडतात. तोच चुकून पॉइंटकडील टोकाला जोडला, तर पॉइंटसाठी आधीच असलेल्या सुमारे ०.२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये त्याची भर पडते, ठिणगी मंदावते आणि इंजिन अडखळू लागते. मॅग्नेटो असलेल्या मोटारीत इंजिन बंद करण्याच्या तारेलाही याच कारणास्तव कंडेन्सर जोडू नये. तेथे रोधक व धातूचे आवरण एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

डायनॅमो व नियामक

डायनॅमोच्या कम्यूटेटरवर कार्बन ब्रशांच्या ठिणग्या पडतात. ब्रश झिजले असतील किंवा कम्यूटेटर मळला असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. त्यानंतर मुख्य टोक, म्हणजे ब्रिटिश डायनॅमोवरील ‘डी’, आणि अर्थ यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावतात. शेजारच्या ‘एफ’ या क्षेत्र-टोकाला मात्र तो कधीही लावू नये. त्या टोकाचा प्रवाह नियामकाचे संपर्क सतत तोडत-जोडत असतात. कंडेन्सर प्रत्येक वेळी त्यांतून रिता होऊन संपर्क जाळतो. ते चिकटल्यास डायनॅमोवरील नियंत्रण सुटते आणि बॅटरीसह सर्व तारांना धोका पोहोचतो. रेडिओतील खरखरीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे.

अर्थिंग व बॉडी

पोलादी बॉनेट हे इंजिनाचे आवरण असते, पण बिजागऱ्यांवरील रंग व गंज यांमुळे ते विद्युतदृष्ट्या तरंगत राहते. बॉनेट, रबरी आधारांवरील इंजिन आणि एक्झॉस्ट पाइप हे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने चासीला जोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. एरियलच्या बुडाखालील रंग खरवडून धातूशी धातू भिडवणेही तितकेच आवश्यक असते. लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या किंवा फायबरग्लासच्या बॉडीत हे आवरण मिळत नाही. तेथे उगमाशी केलेल्या निरोधनाला पर्याय नसतो.

कित्येक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. अशा मोटारीत ऋण अर्थसाठी बनवलेला ट्रान्झिस्टर संच थेट बसवल्यास तो जळतो, आणि ध्रुवीय कंडेन्सर उलट जोडला जाऊन फुटू शकतो.