जप्तीनें राखलेला मूकपट

जी कृति लोकांच्या दृष्टीआड केली गेली, तीच पुढें लोकांकरितां शिल्लक राहावी, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय होय. ‘मार्तंडवर्मा’ या मूकपटाची हकीकत आम्हांस या दृष्टीनें विचार करण्याजोगी वाटते.

सी. व्ही. रामन् पिळ्ळै यांची याच नांवाची मल्याळी कादंबरी १८९१ सालीं प्रसिद्ध झाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्रावणकोरच्या गादीचा वारस मार्तंडवर्मा याच्याविरुद्ध पद्मनाभन् तंपी व आठ घराण्यांचे सरदार यांनीं रचलेला कट हा तिचा विषय. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं ‘सिंहगड’ काढला होता. तसाच उद्योग दक्षिणेंत आर. सुंदरराज यांनीं मांडला. दिग्दर्शन पी. व्ही. राव यांचें होतें. इंग्रजी व मल्याळी पाट्यांच्या आधारें कथा पुढें नेणारा हा चित्रपट १९३३ सालीं त्रिवेंद्रम येथें लागला.

परंतु कादंबरीचे हक्क कमलालय बुक डेपो या प्रकाशन संस्थेकडे होते. आपल्या हक्काचा भंग झाला म्हणून तिनें न्यायालयांत धांव घेतली. खेळ बंद पडले, प्रत जप्त झाली आणि निर्मात्याचें मोठें नुकसान झालें. पुढें १९७४ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें ती प्रत मिळविली.

जे मूकपट लोकप्रिय झाले, त्यांच्या प्रती गांवोगांव फिरून झिजल्या. बोलपट आल्यावर त्यांस कोणी विचारीना. त्यांतून त्या काळची फिल्म चटकन् पेट घेणारी व कालांतरानें कुजणारी. ‘सिंहगड’ आज पाहावयास मिळत नाहीं. मल्याळी मुलुखांतील पहिला चित्रपट ‘विगतकुमारन्’ हाहि नष्ट झाला. न चाललेला ‘मार्तंडवर्मा’ मात्र उरला.

तेव्हां जप्ती हीच कृपा ठरली, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतों. प्रकाशकाचा हक्क खरा असेल, पण सुंदरराज यांची हानीहि तितकीच खरी होती. आणि जप्तीचा हेतु कांहीं जतनाचा नव्हता. ज्या कृतींवर लोकांनीं प्रेम केलें त्या गेल्या व वादांत अडकलेली तेवढी वांचली, यांत आमच्या रसिकतेचा गौरव नाहीं. प्रेम करणें आणि जपणें हीं दोन निराळीं कर्तव्यें आहेत, एवढें जरी या हकीकतीवरून ध्यानांत आलें, तरी सुंदरराज यांचा खर्च अगदींच व्यर्थ गेला नाहीं असें आम्ही म्हणूं.