फाल्गुनरावाची तसबीर आणि आपला मोबाइल

मागच्या वेळी मी नाचणीच्या पापडांच्या हिशोबावर बोलले होते. आज हिशोब नाही. आज संशयावर बोलायचं आहे. नवरा-बायकोमधल्या संशयावर, आणि त्याच संशयावर आपल्याला हसवत आलेल्या नाटक-सिनेमांवर.

आधी माझीच फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी काजूच्या हंगामात रात्री साडेनऊला आमच्या ह्यांचा फोन वाजला. हे आंघोळीला गेलेले. फोनवर एका बाईचं नाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तेच नाव. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसून इतकी विचारात पडले की भाकरी तव्यावरच करपली. विचारलं मात्र नाही. चार दिवस ताट वाढायचं, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी सासूबाईंनीच जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "ही रोज रात्री फोन करणारी कोण रे?" तर ते बिया घेणाऱ्या व्यापाऱ्याचं दुकान निघालं! मालकाने दुकानाला लेकीचं नाव दिलेलं, आणि तो रोजचा दर सांगायला फोन करत होता. सगळे हसले. मीही हसले. पण त्या चार दिवसांत माझ्या पोटात जे कालवत होतं, ते काही हसण्यासारखं नव्हतं.

नंतर मला आठवलं, हे तर मी कॉलेजात वाचलंय. बी.ए.ला मराठी होतं, तेव्हा गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' वाचलं होतं. तेव्हा नुसतंच हसले होते.

देवल म्हणजे 'संगीत शारदा' लिहिणारे. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख त्यांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलं. त्यांचा जन्म १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. पण शिक्षण झालं बेळगावात. आपण चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला ज्या बेळगावला जातो, तिथेच. तिथेच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले, ज्यांनी पुढे १८८० साली 'शाकुंतल' करून संगीत नाटकाचा पाया घातला. देवलांनी त्याच शाळेत मास्तरकी केली आणि किर्लोस्करांच्या मंडळीत कामही केलं.

'संशयकल्लोळ'ची गोष्ट मुळात आपल्याकडची नाही. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएर नावाच्या नाटककाराने एक छोटं नाटक केलं. त्यात एका तरुणाची तसबीर हातातून पडते, दुसऱ्याच बाईला सापडते आणि तिच्या नवऱ्याला वाटतं, हाच हिचा यार. शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फी यांनी लंडनमध्ये त्याचं मोठं नाटक केलं. देवलांनी ते मराठीत आणलं. आधी गाण्यांशिवाय, फाल्गुनरावाच्या आणि तसबिरीच्या घोटाळ्याच्या नावाने, १८९३ च्या सुमारास. मग त्यात पदं घातली आणि १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल वारले.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते. जाता जाता फाल्गुनराव तिला सावरतो. हे त्याची बायको कृत्तिका बघते आणि तिच्या डोक्यात किडा शिरतो. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला मिळते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव बघतो, आणि आता किडा त्याच्या डोक्यात. पुढे अश्विनशेठलाही रेवतीचा संशय. सगळ्यांनाच सगळ्यांचा संशय, आणि सगळेच चुकलेले! देवलांनी गंमत म्हणून पुरुषांना मराठी महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. इकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. जणू हे दुखणं बारा महिने चालतं आणि कोणतंच नक्षत्र त्यातून सुटत नाही.

गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. रेवती झाले बालगंधर्व. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. म्हणजे बाईचा संशय लिहिला पुरुषाने, बोलून दाखवला पुरुषाने. तरी देवलांना एक श्रेय द्यायला हवं. कृत्तिका गप्प बसणारी नाही. नवरा तिच्यावर संशय घेतो, तशी तीही नवऱ्यावर घेते. तो एक बोलला तर ती दोन बोलते. दोघांचं माप सारखं आहे, म्हणून आपल्याला हसता येतं.

पण याच देवलांनी याच्या आधी दुसरं एक नाटक लिहिलं होतं, १८९० साली. त्याचं नाव 'झुंझारराव'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून घेतलेलं. तिथेही संशय आहे. तिथेही पुरावा म्हणजे एक क्षुल्लक वस्तू. मूळ नाटकात तो एक रुमाल आहे. पण तिथे शेवटी बायकोचा जीव जातो. ती निर्दोष होती हे नवऱ्याला कळतं तेव्हा ती उरलेली नसते.

हे कळल्यापासून मी विचार करतेय. लिहिणारा एकच माणूस. दोन्हींत नवरा संशयी. इकडे तसबीर, तिकडे रुमाल. मग एका घरात हशा आणि दुसऱ्या घरात मढं, असं का?

मला तीन कारणं दिसतात. पहिलं, फाल्गुनरावाच्या घरात कान भरणारा माणूस नाही. गैरसमज आपोआप होतात. ऑथेल्लोच्या घरात तोंडावर मित्र म्हणवणारा एकजण मुद्दाम विष कालवतो. दुसरं, फाल्गुनरावाच्या घरात सगळे बोलतात. भांडतात, ओरडतात, पण शेवटी सगळी माणसं समोरासमोर येतात आणि गाठ सुटते. तिकडे नवरा बायकोला सरळ विचारतो ते तिला शिक्षा ठरवून झाल्यावर. आणि तिसरं, कृत्तिकेला उलट बोलता येतं. तिकडच्या बायकोने आपली बाजू सांगितली तरी ती ऐकणारं कोणी नाही.

हसण्याच्या नाटकातही एक काळी बाजू आहे, ती आता वाचताना मला दिसते. रेवती नायकिणीची मुलगी. तिने काहीही केलेलं नसताना अश्विनशेठच्या मनात संशय इतक्या पटकन शिरतो, कारण तिचा जन्म. 'असल्या बाया असल्याच' हे आधीच ठरलेलं. फाल्गुनराव-कृत्तिकेचा संशय हा खेळ आहे. रेवतीवरच्या संशयाने मात्र तिचं लग्नच मोडणार होतं.

नाटकातली ही दोन्ही घरं पुढे सिनेमात आली. ऑथेल्लोचं घर २००६ साली 'ओंकारा'त दिसलं. विशाल भारद्वाज यांनी ती गोष्ट उत्तर प्रदेशात नेली. रुमालाच्या जागी कमरपट्टा आला. लग्नाच्या रात्रीच नवरी मारली जाते. फाल्गुनरावाचं घर तर विनोदी सिनेमात कायमचं वस्तीला आलं. २०१३ साली 'संशयकल्लोळ' नावाचाच मराठी सिनेमा आला. शर्टावरचा डाग, खिशातली चिठ्ठी, चुकून लागलेला फोन, असल्या गोष्टींवर किती सिनेमे निघाले त्याची गणती नाही.

१९७८ सालचा बी. आर. चोप्रांचा 'पती पत्नी और वो' तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. संजीव कुमार ऑफिसातल्या मुलीला सांगतो की माझी बायको फार आजारी आहे, थोड्या दिवसांची सोबती आहे. घरी विद्या सिन्हा ठणठणीत! लोक हसून हसून लोळतात. पण बघा, इथे बायकोचा संशय खरा ठरतो, तरी सांभाळून घ्यायचं काम तिचंच. आणि शेवटी ऑफिसात नवी मुलगी येते तेव्हा नवरोबा पुन्हा तयार. हसताना आपण कुणाच्या बाजूने हसतो, हे मी तो सिनेमा दुसऱ्यांदा बघताना पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

मग २०२२ साली 'डार्लिंग्स' आला. मुंबईतल्या भायखळ्याची गोष्ट. दिग्दर्शक जसमीत के. रीन, म्हणजे बाई. नवरा रेल्वेत तिकीट तपासणारा. रात्री दारू पिऊन मारतो, सकाळी लाडीगोडी लावतो. बायको आणि तिची आई, म्हणजे आलिया भट्ट आणि शेफाली शाह, त्याला घरातच बांधून घालतात आणि त्याचंच माप त्याच्या पदरात टाकतात. त्यातही विनोद आहे. पण हसता हसता घास घशात अडकावा तसं होतं. असल्या विनोदाला काळा विनोद म्हणतात. शेवटी तिला कळतं की त्याला मारलं तर तो आयुष्यभर आपल्या मानगुटीवर बसेल, आणि ती त्याला सोडायचं ठरवते. फाल्गुनरावाच्या हशापासून इथपर्यंत यायला आपल्याला शंभरावर वर्षं लागली. या सिनेमात विनोद आहे, पण मार हा विनोद नाही.

आता हे सगळं मी इथे का सांगतेय? कारण आजची तसबीर आपल्या हातातच आहे.

आमच्या भागातल्या एका गटातली गोष्ट. गाव सांगत नाही. गटाला कर्जमंजुरी मिळाली त्या दिवशी फोटो काढला. दहा बायका आणि बँकेचे साहेब. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. कुणीतरी तो कापून फक्त आमची सचिव आणि साहेब एवढाच तुकडा ठेवला आणि खाली हसरी तोंडं टाकून तिच्या नवऱ्याला पाठवला. नवरा गोव्यात कामाला. त्या रात्री फोनवर जे व्हायचं ते झालं. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही. हप्ता मुलीच्या हाती पाठवायची. हजेरीत तिच्या नावापुढे आम्ही गैरहजर लिहीत राहिलो. चौथ्या वेळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तेव्हा नवरा रजेवर येऊन गेलेला. तिचा हात सुजलेला. "दार लागलं," म्हणाली.

गणपतीला तो पुन्हा गावी आला, तेव्हा गटातल्या अक्का आणि मी त्याला भेटलो. पूर्ण फोटो दाखवला. दहाही बायका, साहेब, मागे भिंतीवरचा फलक. तो बराच वेळ बघत राहिला. माफी वगैरे काही मागितली नाही. "मला काय माहीत," एवढंच म्हणाला. ज्याने फोटो कापला तो म्हणतो, "मी गंमत केली." ती आता बैठकीला येते, पण सचिवपद तिने सोडलं. गोष्ट गोड झाली असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

गंमत म्हणून फोटो पाठवणारा तो माणूस मला फाल्गुनरावाच्या घरातला वाटत नाही. तो त्या दुसऱ्या घरातला कान भरणारा आहे. आणि आपणही कधीकधी पाणवठ्यावर, गिरणीत, बसस्टॉपवर तेच काम करतो. "काल हिला कुणाच्या गाडीवरून उतरताना बघितलं बाई!" एवढं वाक्य पुरतं. आपल्याकडे पुष्कळांची माणसं मुंबईत, गोव्यात, सैन्यात. घर इकडे, नवरा तिकडे आणि मध्ये एक फोन. समोरासमोर येऊन गाठ सोडवायची सोयच नाही. अशा वेळी एक वाक्यसुद्धा फार महाग पडतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. संशय आला तर चार दिवस भाकऱ्या करपवू नका. पहिल्याच दिवशी विचारा, शक्य तर कुणी मोठं माणूस जवळ असताना. पण हा सल्ला ज्या घरात उलट बोलता येतं तिथलाच. जिथे हात उगारला जातो तिथे एकटीने जाब विचारायला जाऊ नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, २००६ च्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. मारहाणच नव्हे, चारित्र्यावर आळ घेणं, अपमान करणं हेही त्यात छळ म्हणूनच धरलेलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, तातडीला ११२. दोन्ही नंबर बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आम्ही ठेवलेत.

आणि बैठकीला एखादी बाई लागोपाठ दोनदा आली नाही, तर नुसतं गैरहजर लिहून पुढे जाऊ नका. आम्ही तीन बैठका गेलो, ती आमची चूक होती. तिच्या दारापर्यंत जा.

'संशयकल्लोळ' कुठे लागलं तर जरूर बघा, पोटभर हसा. मी अजून हसते. फक्त हसताना कृत्तिकेकडेही बघा. तिला बोलता येतं, म्हणून ते नाटक विनोदी आहे.

येते मग. पुढच्या वेळी पुन्हा हिशोब घेऊन बसू. नमस्कार.