पतअहवाल गोठवणे
पतअहवाल गोठवणे, म्हणजेच क्रेडिट फ्रीझ, ही एखाद्या व्यक्तीचा क्रेडिट रिपोर्ट नव्या कर्जदात्यांना पाहू न देण्याची व्यवस्था होय. कर्ज अथवा क्रेडिट कार्ड देण्यापूर्वी बँक अर्जदाराचा पतअहवाल मागवते. तो मिळाला नाही, तर अर्ज सहसा पुढे सरकत नाही. त्यामुळे चोरलेल्या ओळखीच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलण्याचा प्रयत्न आरंभीच अडतो. ही व्यवस्था अमेरिकेत रूढ आहे. भारतातील कायद्यात मात्र तशी तरतूद नाही.

अमेरिकेतील पद्धत

२०१७ साली इक्विफॅक्स या कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी व्यक्तींची माहिती चोरीस गेली. त्यानंतर संमत झालेल्या कायद्यानुसार २१ सप्टेंबर २०१८ पासून ही सोय देशभर विनामूल्य झाली. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे स्वतंत्र विनंती करावी लागते. स्वतःला कर्ज हवे असल्यास बंदी तात्पुरती उठवता येते. चालू खात्यांतील गैरव्यवहार मात्र गोठवण्याने थांबत नाही.

भारतातील स्थिती

भारतात सिबिल (स्थापना २०००, मुख्यालय मुंबई, आता ट्रान्सयुनियन सिबिल), एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. त्यांचे नियमन २००५ च्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियमान्वये भारतीय रिझर्व्ह बँक करते. या अधिनियमाने नागरिकाला अहवाल पाहण्याचा व चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला. अहवाल बंद ठेवण्याचा अधिकार दिला नाही. येथील संरक्षण त्यामुळे बव्हंशी घटना घडून गेल्यानंतरचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्यांच्या पॅन क्रमांकावर लहान डिजिटल कर्जे उचलल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या, तेव्हा अनेकांना तो प्रकार स्वतःचा अहवाल पाहिल्यावरच कळला.

उपलब्ध उपाय

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चार कंपन्यांचे अहवाल एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवल्यास वर्षभर लक्ष राहते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशांनुसार अहवाल कोणी पाहिल्यास संबंधित व्यक्तीला एसएमएस अथवा ईमेलने कळवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. अर्थात नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुना असल्यास ही सूचना व्यर्थ जाते. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय आहे. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते.

ओळखपत्रांच्या प्रती सहजपणे हातोहात जातात, तेथे धोका वाढतो. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीवरील राफ्टिंगसाठी पर्यटक येतात; अशा पर्यटनस्थळी मुक्कामाच्या वेळी आधारची प्रत देण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' देता येते. आधारमधील बोटांचे ठसे व बुबुळांची ओळख कुलूपबंद करण्याची सोयही आहे. परंतु तिचा क्रेडिट रिपोर्टशी संबंध नाही आणि कागदी प्रतीचा दुरुपयोग तिने टळत नाही.

अनोळखी कर्ज आढळल्यास कर्ज देणारी संस्था व पतमाहिती कंपनी या दोहोंकडे लेखी हरकत नोंदवावी लागते. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी नुसार ओळखचोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.