वृत्तावरचा हक्क

संगणकावर चित्रे साठवण्याची 'जिफ' ही पद्धत कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ साली काढली. चित्राची माहिती थोड्या जागेत मावावी म्हणून तिच्यात एलझेडडब्ल्यू नावाची गणिती रीत वापरलेली होती. या रीतीचे १९८५ साली मंजूर झालेले पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झाले, की जिफ हाताळणारी आज्ञावली विकणाऱ्यांनी शुल्क भरावे. मग ती आज्ञावली त्यांनी स्वतः का लिहिलेली असेना!

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कॉपीराइट कवितेवर असतो, वृत्तावर नसतो. आज्ञावलीचे पेटंट म्हणजे शार्दूलविक्रीडितावरच हक्क सांगणे. बड्या कंपन्या आपापली पेटंटे एकमेकींना वापरू देतात. एकट्या प्रोग्रामरकडे देवघेवीला काही नसते आणि कोर्टाचा खर्चही झेपत नाही. तो ते काम सोडून देतो आणि ग्राहकाची निवड तेवढी कमी होते.

युरोपात १९७३ च्या पेटंट कराराने 'केवळ आज्ञावली'ला पेटंट नाकारले होते. तरी त्या 'केवळ'मधून वाट काढून हजारो पेटंटे दिली गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये युरोपीय आयोगाने या वाटेला कायद्याचे रूप देणारा मसुदा मांडला. छोटे उद्योजक व संगणकतज्ज्ञ विरोधात उभे राहिले, आणि सप्टेंबर २००३ मध्ये युरोपीय संसदेने दुरुस्त्या करून मसुदा पार बोथट केला. नोव्हेंबरात अल्काटेल, एरिक्सन, नोकिया, फिलिप्स व सीमेन्सच्या प्रमुखांनी या दुरुस्त्यांविरुद्ध पत्र लिहिले. मे २००४ मध्ये मंत्रिपरिषदेने बहुतेक दुरुस्त्या काढून टाकल्या! डिसेंबरात तर हा विषय चर्चेविना मंजूर व्हावा म्हणून शेती व मत्स्यव्यवसाय मंत्र्यांच्या बैठकीत ठेवला होता. पोलंडने तो अडवला.

६ जुलै २००५ रोजी संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी मसुदा फेटाळला. हा निव्वळ छोट्यांचा विजय मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. संसद पुन्हा दुरुस्त्या करील या धास्तीने बड्या कंपन्यांनाही अखेरीस तो पडलेलाच बरा वाटला.

आपल्याकडेही याच सुमारास, डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने, उद्योगात तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा यंत्राशी जोडलेल्या आज्ञावलीला पेटंटची वाट उघडली होती. २००५ चा कायदा करताना ती तरतूद गळली. गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि 'केवळ आज्ञावली' आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार पेटंटबाहेर राहिल्या. 'केवळ' हा शब्द तिथेही आहे, आणि पेटंट कार्यालयात नि न्यायालयात आजही वाद होतात ते त्याच्याच अर्थावरून.